सोपी वाट : कुणासाठी, कोणत्या महिन्यात?
हजिऱ्यापासून डांगापर्यंत जंगलातल्या पायवाटांचा आढावा

हजिऱ्याच्या कारखान्यांच्या वसाहतींत थंडी पडली की शनिवारी संध्याकाळी डांगाचा विषय निघतो. सुरत ओलांडून पूर्वेला निघालं की दोन-तीन तासांत सागाचं जंगल लागतं. महाल, किलाड, देवीनामाळ ही वनखात्याची शिबिरस्थळं, वघईजवळचा गिरा धबधबा, सिंगाणाजवळचा गिरमाळ, आणि सगळ्यांच्या पलीकडे सापुतारा. गाडीत तीन पिढ्या असतात. उतरल्यावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तरुण मंडळी नदीपात्रात उतरतात, मधल्या वयाचे अर्ध्या वाटेवर थांबतात, आणि आजी-आजोबा गाडीजवळच्या पारावर बसून राहतात. चौकशी केली होती तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलेलं असतं : वाट सोपी आहे.

हे ‘सोपी’ पंचविशीतल्या निरोगी माणसाच्या पायांनी ठरवलेलं असतं, तेही डिसेंबरच्या कोरड्या जमिनीवर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला, चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला किंवा ऑगस्टमध्ये आलेल्या कुणालाही ते लागू पडत नाही. जंगलातल्या वाटा सगळ्यांना चालता येतील अशा कराव्यात की आहेत तशा खडतर राहू द्याव्यात, हा वाद आपल्याकडे गेल्या काही वर्षांत वाढला आहे. माथेरानच्या पेव्हर ब्लॉकपासून मलबार हिलच्या लाकडी मार्गापर्यंत त्याची उदाहरणं दिसतात. हा वाद आज कुठं उभा आहे, हे इथं पाहायचं आहे.

वाटा आधी कुणाच्या होत्या

डांगातल्या वाटा फिरायला म्हणून कुणी पाडल्या नाहीत. भिल्ल, कुकणा, वारली, कोटवाळिया यांच्या पाड्यांना जोडणाऱ्या, पाण्याला, मोहाला, बांबूला आणि बाजाराला जाणाऱ्या त्या वाटा आहेत. १८४२ मध्ये इंग्रजांनी इथल्या भिल्ल राजांकडून सागाच्या लाकडासाठी जंगल भाडेपट्ट्यानं घेतलं आणि या वाटांवर पहिल्यांदा लाकडाच्या गाड्या चालू लागल्या. त्या पट्ट्याची आठवण अजून जिवंत आहे. दरवर्षी होळीच्या सुमारास आहव्याला डांग दरबार भरतो आणि राजांच्या वारसांना सरकारकडून सालियाना मिळतो. पुढं लाकूड नेण्यासाठी बिलिमोरा ते वघई ६३ किलोमीटरची अरुंद रुळांची रेल्वे आली. शेजारच्या सोनगड-नवसारीवर गायकवाडांची सत्ता होती. म्हणून या पट्ट्यात मराठी माणसाला गडाची चढण आणि जंगलाची पायवाट दोन्ही एकाच मुलखात भेटतात. सापुताऱ्याच्या घाटाखाली उतरलं की नाशिक जिल्ह्यातला हातगड समोर उभा असतो. १९६० मध्ये डांग गुजरातेत गेला, पण तिथल्या पाड्यांवरची बोली ऐकली की सीमा नकाशापुरतीच वाटते.

सुरतच्या उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी कुटुंबांना चालण्याची आणखी एक परंपरा ठाऊक आहे : चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणं. तिथं चालणं हा नवस असतो आणि वाटेचे हाल हा त्याचाच भाग. तरी त्याच गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, आणि ज्यांना पायऱ्या चढता येत नव्हत्या अशा असंख्य म्हाताऱ्या माणसांना देवीचं दर्शन घडलं. पायी येणारे कमी झाले नाहीत. या चर्चेत हे उदाहरण फारसं कुणी घेत नाही, पण माझ्या मते ते मोलाचं आहे. एकाच डोंगरावर सुगम वाट आणि कष्टाची वाट शेजारी शेजारी नांदू शकतात, हे आपल्या लोकांनी कधीच मान्य केलेलं आहे. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच शिखराकडे नेणाऱ्या लोखंडी शिड्याही भाविकांच्या सोयीसाठीच लागल्या, आणि आज त्यांच्यावरून गिर्यारोहकही जातात.

कायदा चालणाऱ्याकडे कसा पाहतो

युरोपातल्या लहान देशांचं उदाहरण या चर्चेत वारंवार येतं. त्यांतला डेन्मार्क तुलनेला सोयीचा आहे. तिथलं सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण, म्योलेहोय, अवघं १७१ मीटर उंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं जेमतेम दोन-तीन टक्के जंगल उरलं होतं. १८०५ च्या वनकायद्यानंतर जाणीवपूर्वक लावत लावत ते आज पंधरा टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे तिथलं बहुतेक जंगल माणसानं वाढवलेलं आहे, आणि त्यात चालणं हा नागरिकाचा हक्क मानला जातो. सरकारी जंगलात पायवाट सोडूनही चालता येतं, रात्रीसुद्धा. खासगी जंगल पाच हेक्टरांपेक्षा मोठं असेल तर दिवसा, आणि केवळ रस्त्यांवरून व वाटांवरून. त्याहून लहान जंगलाचा मालक फलक लावून मनाई करू शकतो. एका बाजूला उत्तर जटलंडमधलं रोल्ड स्कोव्ह आणि तिथली वेडीवाकडी बीचची झाडं, मुळांनी भरलेल्या वाटा. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये कोपनहेगनच्या दक्षिणेला उघडलेला ४५ मीटर उंचीचा सर्पिल मनोरा. त्याचा उतार इतका सौम्य ठेवला आहे की पायऱ्या न चढता माणूस झाडांच्या शेंड्यांवर पोचतो.

आपल्याकडे सुरुवात उलट्या टोकापासून होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा कलम २६ खाली गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ आणि २८ प्रमाणे अभयारण्यात बाहेरच्या माणसाला परवान्यानंच जाता येतं. पर्यटन हे परवाना देण्याचं एक मान्य कारण आहे, हक्क नाही. डांग परिसरातलं पूर्णा अभयारण्य (१९९० मध्ये घोषित, सुमारे १६१ चौरस किलोमीटर) आणि वांसदा राष्ट्रीय उद्यान (१९७९, जेमतेम २४ चौरस किलोमीटर) दोन्हींना हेच लागू होतं. म्हणून ‘डेन्मार्कमध्ये जमतं मग इथं का नाही’ हा प्रश्न सरळ विचारता येत नाही. तिथं बिबट्या नाही, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा पाऊस नाही, आणि जंगलावर पोट असलेले दोन लाखांहून जास्त आदिवासीही नाहीत.

वाट सर्वांना हवी म्हणणारे

पहिली बाजू दिव्यांगांच्या हक्कांची आणि म्हातारपणाची आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेची मानकं केवळ शिफारस म्हणून ठेवणं कायद्याला धरून नाही, सक्तीचे किमान नियम करावेच लागतील, आणि त्यासाठी सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. इमारती, रेल्वे, बस यांची चर्चा तिथं झाली. जंगलातल्या वाटेचं काय, हे कुणी स्पष्ट विचारलेलं नाही. पण सरकारी पैशातून नवा निसर्गमार्ग बांधला जातो तेव्हा तोही सार्वजनिक सोयच ठरतो, असं या बाजूचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढणं अवघड आहे.

या मंडळींकडे तांत्रिक उत्तरंही आहेत. अमेरिकेच्या वनखात्यानं वाटांसाठी मोजमापं ठरवली आहेत : रुंदी किमान तीन फूट, पृष्ठभाग घट्ट आणि न हलणारा, चढ शेकडा पाचपर्यंत असेल तर कितीही लांब चालतो, त्याहून तीव्र असेल तर ठरावीक अंतरावर विसाव्याची सपाट जागा. मला सर्वांत उपयोगी वाटतं ते त्यांचं अपवादाचं कलम. जिथं सुगमता आणायला गेलं तर जागेचं मूळ रूपच बदलेल, तिथं ती लादायची नाही. आणि वाटेच्या तोंडाशी लांबी, रुंदी, चढ, पृष्ठभाग यांची माहिती लिहायची. मग ज्याचा त्यानं निर्णय घ्यावा.

मुंबई परिसरात अलीकडे दोन प्रयोग झाले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तिवरांच्या मधून जाणारा फळ्यांचा मार्ग आहे. मलबार हिलवर २०२५ मध्ये झाडांच्या उंचीवरून जाणारा सुमारे ४८५ मीटरचा लाकडी मार्ग खुला झाला. दोन्हीकडे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून माती तुडवली जात नाही. सुगमतेच्या बाजूनं हा चांगला मुद्दा आहे : उचललेला मार्ग माणसाला जितका सोयीचा, तितकाच मातीला.

आहे तशी राहू द्या म्हणणारे

दुसऱ्या बाजूला गिर्यारोहक आणि पर्यावरणाचे अभ्यासक बहुधा एकत्र असतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. गिर्यारोहकाला कातळ, घसारा, ढोरवाटांतून बरोबर वाट ओळखणं हवं असतं. सह्याद्रीत वाट चुकण्यातूनच वाट कळते, असं अनेक जुने भटके सांगतात. कठडा आणि पायऱ्या आल्या की डोंगराशी असलेलं ते नातं बदलतं, ही त्यांची खंत आहे. ती हलक्यात घेऊ नये. खडतर वाटेवर माणूस स्वतःला ओळखतो, हे मीही अनुभवलं आहे.

अभ्यासकाचं कारण मात्र मातीचं आहे. वाट रुंद केली की कडेला ऊन पडतं, घाणेरी पसरते, आणि सपाट केलेल्या मुरुमावरून पावसाचं पाणी सरळ खाली धावतं. काँक्रीटच्या पायऱ्यांच्या कडेनं पाणी माती कापत जातं, आणि दोन पावसाळ्यांत पायऱ्या हवेत लटकतात. सह्याद्रीतल्या कितीतरी गडांवर हे दृश्य दिसतं. जाणकार वाट बांधणारे म्हणतात की वाट उताराला सरळ छेदून नेऊ नये, ती नागमोडी न्यावी. तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि पाणी वाटेवर न थांबता बाजूला निघून जावं. म्हणजे मातीला हवी असलेली वाटही सौम्यच असते! इथं या दोन बाजू वाटतात त्याहून बऱ्याच जवळ येतात. फरक पडतो तो सिमेंटमुळे.

माथेरानचा वाद याच मुद्द्यावर गाजला. २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असलेल्या या गावात मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक घालायचे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घोडेवाल्यांच्या मते ब्लॉकवर घोडे घसरतात, तर इतरांच्या मते पावसात माती वाहून जाते आणि रुग्णाला न्यायला रस्ता उरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मान्यता दिली, पण आतले रस्ते आणि भटकंतीच्या वाटा त्यातून वगळल्या. माणसानं ओढायच्या रिक्षाही सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. एकाच गावातल्या वाटांना वेगवेगळा न्याय लावणारा हा निकाल पुढच्या वादांत पायाभूत ठरेल, असं मला वाटतं.

वनखातं आणि पाडे

वनखात्याची बाजू थोडक्यात सांगता येते : अपघात झाला तर जबाब आम्हाला द्यावा लागतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी नियमावली आली आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण. त्यांत प्रशिक्षित नेते, प्रथमोपचार, नोंदणी यांवर भर होता. तरीही पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश काढणं हाच सोपा उपाय राहतो. गुजरातेत गिरनारच्या लिली परिक्रमेचं उदाहरण वेगळं आहे. कार्तिकात एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत काही दिवसच सुमारे ३६ किलोमीटरची जंगलवाट लाखो लोकांना खुली होते, एरवी ती बंद असते. वाट ही जागा म्हणून नव्हे तर काळ म्हणून खुली करायची, ही कल्पना डांगालाही लागू पडण्यासारखी आहे. सागाचं जंगल महिन्यागणिक बदलतं. ऑक्टोबरात माती घट्ट आणि हिरवळ ताजी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची मोठी कोरडी पानं वाटेवर इतकी साचतात की सपाट जमीनही घसरडी होते, आणि खालचे दगड दिसत नाहीत. जुलैत कातळावर शेवाळ, ओहोळांना पूर. तीच वाट तीन ऋतूंत तीन वाटा असते.

पाड्यांवरच्या माणसांची बाजू बहुतेक लेखांत शेवटी एका ओळीत येते. तिला इथं जास्त जागा द्यायला हवी, कारण तिच्याशिवाय बाकीच्या बाजू अर्ध्याच राहतात. डांगाच्या १७६४ चौरस किलोमीटरांपैकी मोठा भाग राखीव जंगल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं तिथल्या लोकांचे वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले, त्यांचे दावे मंजूर होण्याचं काम मात्र जागोजागी रेंगाळलेलं आहे. ज्या वाटेनं बाई सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन येते, तीच वाट आपण ‘निसर्गमार्ग’ म्हणून नकाशावर आखतो. मग तिकीटखिडकी लागते. तिचं काय? काही पाड्यांना शिबिरस्थळांमुळे वाटाड्याचं, स्वयंपाकाचं काम मिळालं. नागलीची भाकर, उडदाची आमटी, बांबूच्या कोंबाची भाजी ही पाहुण्यांपुढं ठेवली जाते आणि घरात चार पैसे येतात. पण काम हंगामी असतं. वाट सुगम झाली की गर्दी वाढते, गाड्या थेट पाड्याजवळ येतात, आणि मोहाच्या हंगामात रात्री झाडाखाली बसणाऱ्या माणसाची झोप जाते.

वाटाड्या हा सुगमतेचा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित मार्ग आहे. कुठं हात द्यायचा, कुठल्या ओहोळाला वरून वळसा घालायचा, हे त्याला माहीत असतं. फ्रान्समध्ये १९८७ मध्ये एका चाकावर चालणारी, पुढून-मागून माणसांनी धरायची खुर्ची बनवली गेली. आता तिच्यातून चालू न शकणारी माणसं डोंगरवाटांवर जातात. पालिताणा आणि गिरनारच्या डोल्यांचंच हे भावंड. माथेरानच्या रिक्षांबाबत न्यायालयानं मानवी प्रतिष्ठेचा प्रश्न उपस्थित केला. डोली वाहणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा. खुर्चीतल्या माणसाला आणि ती वाहणाऱ्याला, दोघांनाही मान राहील अशी व्यवस्था कशी करायची, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडं नाही.

घराजवळची वाट : हजिऱ्याचा किनारा

डांगाकडे जाताना आपण एक गोष्ट विसरतो. हजिऱ्यालाच जंगल आहे, फक्त ते खाऱ्या चिखलातलं आहे. तापीच्या मुखापासून सुवालीपर्यंत तिवरांचे पट्टे, मधे गांडो बावळचं (वेड्या बाभळीचं) काटेरी रान, पलीकडे बंदर आणि कारखाने. १६१२ मध्ये सुवालीजवळ इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली तेव्हापासून हा किनारा इतिहासात आहे, पण चालायची जागा म्हणून त्याचा विचार क्वचितच झाला. पश्चिम बंगालनंतर देशात सर्वांत जास्त तिवरांचं जंगल गुजरातेत आहे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार तिवरांच्या अतिसंवेदनशील पट्ट्यातही, मंजूर आराखड्यात दाखवलेल्या ठिकाणी, फळ्यांचे मार्ग आणि निसर्गवाटा करता येतात.

चाकाच्या खुर्चीच्या दृष्टीनं पाहिलं तर डांगापेक्षा ही जागा कितीतरी सोपी आहे. जमीन सपाट. १ : १२ हा रॅम्पचा उतार डांगातल्या शंभर मीटरच्या टेकडीवर न्यायचा तर १२०० मीटर लांबी लागते, विसाव्याच्या जागा वेगळ्या. इथं फक्त भरतीच्या पाण्याच्या वर जायचं आहे. अडचणी वेगळ्या आहेत : खंभातच्या आखाताची भरती देशात सर्वांत मोठ्यांपैकी आहे, चिखलात खांब रुतत जातात, आणि गांडो बावळचा काटा सायकलचं टायर फोडतो. किनाऱ्याला लागून असलेल्या औद्योगिक कुंपणांमुळे कुठून आत जायचं हाही प्रश्न आहे. पण ज्या आजोबांना गिरमाळच्या पायऱ्या उतरता येत नाहीत, त्यांना संध्याकाळी तिवरांतून उडणारे बगळे पाहायला घरापासून अर्ध्या तासावर नेता येईल. ऐरोलीला जमलं ते इथं का होऊ नये, याचं तांत्रिक कारण मला सापडत नाही.

अजून न सुटलेलं

तीन गोष्टींवर सगळ्या बाजू अडलेल्या आहेत.

पहिली, माहिती. ‘सोपी, मध्यम, कठीण’ या तीन शब्दांपलीकडं आपल्या वाटांचं वर्णन जात नाही. वाटेच्या तोंडाशी लांबी, सर्वांत तीव्र चढ, पृष्ठभाग, पाण्याची सोय, सावली, आणि कोणत्या महिन्यांत ती बंद असते हे लिहिणारा फलक मी डांगात पाहिला नाही. त्याला झाड तोडावं लागत नाही, सिमेंट लागत नाही. सुगमतेच्या आणि खडतरतेच्या दोन्ही पक्षांना तो चालेल. तरीही तो नाही, कारण वाट मोजणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

दुसरी, देखभाल. उद्घाटनाला पैसा असतो, तिसऱ्या पावसाळ्यानंतर कुजलेली फळी बदलायला नसतो. सुगम मार्गाची एक फळी निघाली की तो चाकाच्या खुर्चीला पूर्ण बंद होतो. खडतर वाट मोडली तरी चालता येते. म्हणून देखभालीची खात्री नसेल तर सुगम मार्ग बांधूच नये, असंही काही जण म्हणतात. मला ते मान्य नाही, पण त्यामागचा अनुभव खरा आहे.

तिसरी, ठरवणार कोण. वनखातं, ग्रामसभा, न्यायालय, पर्यटन महामंडळ, की चालणारे? माथेरानला न्यायालयानं ठरवलं, सप्तशृंगीला सरकारनं. डांगात वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेचा शब्द महत्त्वाचा असायला हवा, आणि दिव्यांगांच्या हक्कांनुसार चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचाही. हे दोघे एका टेबलाशी बसल्याचं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

येत्या थंडीत आमच्या वसाहतीतली काही मंडळी महालजवळची एक वाट टेप आणि उतार मोजायचं साधं यंत्र घेऊन पायी मोजणार आहेत. पाड्यावरचा एक वाटाड्या सोबत असेल, आणि काठी घेऊन चालणारी एक आजी. किती पावलांनंतर ती थांबते, तिथं खूण करायची आहे.